बीटलवर बांधलेली बुगाटी टाइप ३५ कशी तपासावी

१९२०च्या दशकातल्या बुगाटी टाइप ३५ या रेसिंग गाडीसारखं रूप: समोर घोड्याच्या नालेच्या आकाराचा रेडिएटर, निळा रंग, मागे निमुळती शेपूट. पण गाडी सुरू केली की आवाज येतो शेपटीतून, फोक्सवॅगन बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनाचा. अमेरिकेत १९७०-८०च्या दशकांत टाइप ३५च्या अशा फायबर बॉडीच्या किट (घरी जोडायचे सुटे भाग) विकल्या जात आणि लोक घरच्या गॅरेजमध्ये त्या बीटलच्या फ्लोअर पॅनवर, म्हणजे तळाच्या सांगाड्यावर, चढवत. प्रदर्शनात परीक्षकासमोर अशी गाडी आली की तिला नकली म्हणून सोडून देणं सोपं असतं, पण ते अन्यायाचं आहे. हा पाया कुणी उगाच निवडलेला नाही. १९२४मध्ये लिऑंच्या ग्रांप्रीत उतरलेल्या टाइप ३५चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी, आणि बीटलचाही २४००. पॅन कापावाच लागत नाही.

खरी अडचण रुंदीची आहे. मूळ गाडीचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) साधारण १.२ मीटर, बीटलचा १.३च्या पुढे. शिवाय मूळ टायर ७१० मिमी व्यासाचे होते, तर बीटलचा १६५ आर १५ मापाचा टायर जेमतेम ६४५चा. चाकं लहान आणि त्यांच्यातली रुंदी जास्त, त्यामुळे गाडी बसकी दिसते. म्हणून आधी दहा-बारा पावलं मागे जाऊन बाजूने पाहावं. ज्याने मोठ्या व्यासाची, अरुंद चाकं बसवून बॉडी त्या मापाने उभी केली, त्याला प्रमाण कळलं आहे. १५ इंची चाकावर आठ आऱ्यांची ॲल्युमिनियमची टोपी लावली असेल, तर गुण कमी द्यावेत. मूळ चाकात आरे आणि ब्रेक ड्रम एकाच ओतकामात होते. टोपीमागे स्टीलचं चाक दिसलं की नजर तिथेच अडकते.

त्यानंतर गाडीखाली जावं. बीटलचा पॅन एकटा पुरेसा ताठ नसतो. वर बोल्टांनी जोडलेली बॉडी त्याला ताकद देते. ती काढून फायबर ठेवलं की पॅन मधोमध लवतो. कडेने चौकोनी स्टील ट्यूबची फ्रेम वेल्ड केली आहे का ते पाहावं. एका बाजूला मागच्या चाकाजवळ जॅक लावून उचललं की त्याच बाजूचं पुढचं चाकही लवकर सुटू लागायला हवं. ते जमिनीला चिकटून राहिलं आणि बॉडीचे सांधे उघडले, तर गाडी पिळते आहे. फायबरमधल्या बोल्टांभोवतीच्या बारीक भेगा हेच सांगतात.

फायबर बॉडीमुळे वजन घटलं की मागची बाजू वर येते, आणि जुन्या स्विंग ॲक्सलच्या (चाकासकट वर-खाली झुलणाऱ्या मागच्या ॲक्सलच्या) पॅनवर ते धोक्याचं ठरतं: चाकांचे माथे बाहेर झुकतात आणि जोरात वळताना चाक आत दुमडू शकतं. उपाय टॉर्शन बारमध्ये, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यात, आहे. त्याच्या आतल्या टोकाला ४० स्प्लाइन (दाते), बाहेरच्या टोकाला ४४. आतलं टोक एक दात एकीकडे आणि बाहेरचं एक दात उलट फिरवलं की निव्वळ फरक अंशाहूनही कमी पडतो, इतकं बारीक जुळवता येतं. मागची चाकं सरळ किंवा किंचित आत झुकलेली दिसली, तर मालकाने हे काम केलेलं असण्याची शक्यता मोठी. या एका कामाला रंगापेक्षा जास्त गुण द्यावेत.

शेपटीत डोकावणं सर्वांत महत्त्वाचं. मूळ गाडीत तिथे पेट्रोलची टाकी होती, इथे इंजिन कोंबलेलं आहे. फॅनला थंड हवा वरूनच मिळायला हवी, आणि खालची गरम हवा वर येऊ नये म्हणून इंजिनाभोवतीचा पत्रा व रबरी सील अखंड हवं. किट बसवताना ते बहुतेकदा फेकून दिलं जातं. मग इंजिन आपलीच गरम हवा ओढतं. जुन्या इंजिनांत ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत असतो, त्यामुळे आधी तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जातो. शेपटीच्या वरच्या बाजूला कापलेले लुव्हर (हवेसाठीच्या फटी) चालू असतील तर ते मुळाबरहुकूम नसले तरी त्यांचं कौतुक करावं. पुढच्या रिकाम्या बॉनेटवरचे बंद, नुसते उठवलेले लुव्हर मात्र केवळ सोंग आहे.

हाच न्याय लिव्हरला. टाइप ३५चा गिअर आणि हँडब्रेक उजवीकडे, बॉडीबाहेर होते. बीटलचा गिअर मध्येच राहिला तर हरकत नाही. बाहेरचा हँडब्रेक खरोखर चाकं धरत असेल तर पूर्ण गुण; कशालाच न जोडलेली दांडी असेल तर त्या दांडीचेच गुण कापावेत. स्टिअरिंगचा लांब रॉड जॉइंटांवरून वळवलेला असतो. मधल्या बेअरिंगला आधार आहे का, हे स्टिअरिंगचं चाक डावी-उजवीकडे हलवून हाताने जाणवतं.

अर्जेंटिनातली पुर सांग ही कंपनी टाइप ३५च्या धातूच्या प्रतिकृती मूळ रचनेनुसार घडवते. त्या वेगळ्या वर्गात ठेवाव्यात. बीटलवरच्या गाडीच्या माहितीफलकावर पॅनचं वर्ष आणि बॉडी किटची आहे ही नोंद असावी. तिथे फक्त ‘बुगाटी, १९२७’ लिहिलं असेल, तर तपासणी सुरू करण्याआधी मालकाला फलक बदलायला सांगावं.