जड पाणी आणि रिपोर्टातली खालची ओळ

पुण्याचं पाणी गोड, असं सांगणारे बहुतेक जण पेठांत नाहीतर कोथरूडला राहतात. त्यांचं काही चुकत नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत साठतं ते सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी. जमिनीत मुरून क्षार उचलायला त्याला फारशी सवड मिळत नाही. आम्ही राहतो वाघोलीला. २०२१ साली गाव महापालिकेत आलं, इमारती त्याच्या कितीतरी आधी उभ्या होत्या. आमच्याकडे नळाचं पाणी येतं, पण पुरत नाही. बाकी सगळी भिस्त बोअर आणि टँकरवर. खडकाच्या भेगांतून सावकाश झिरपलेलं हे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊनच वर येतं. हेच जड पाणी.

त्याच्या खुणा घरभर. शॉवरची भोकं बुजलेली, काचेच्या पेल्यांवर धुरकट पुट, साबण चोळला तर फेसाऐवजी चिकट साका. तूरडाळ नेहमीच्या शिट्ट्यांत शिजेना म्हणून आमच्या सासूबाईंनी आधी वाण्याला दोष दिला, मग कुकरला. गीझर बंद पडला तेव्हा प्लंबरदादांनी कॉइल बाहेर काढून दाखवली. वर पांढरा थर चढून ती दुप्पट जाड झाली होती. पान्याने ठोकलं की पोपडे सुटत होते आणि आतून काळपट धातू दिसत होता. पोपड्यावर लिंबूसत्वाचं पाणी टाकलं तर फसफसलं. ‘ताई, साठच्या वर तापवू नका, जास्त तापवलं की थर लवकर धरतो,’ हा त्यांचा सल्ला मी अजून पाळते.

सोसायटीच्या ग्रुपवर मी याबद्दल लिहिलं. आमच्याकडे जो बोलेल त्याच्याकडे काम, असा अलिखित नियम आहे, त्यामुळे पाण्याचा विषय माझ्याकडे आला.

पहिल्यांदा आले ते पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनचे विक्रेते. त्यातल्या एकाने क्लब हाउसमध्ये दोन पेले मांडले, एकात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत तारा सोडून करंट दिला. आमच्या पेल्यात बघता बघता तपकिरी-हिरवट गाळ झाला, त्याचा पेला मात्र स्वच्छ राहिला. ‘मॅडम, हे तुम्ही रोज पिता!’ पाठक काकूंनी तोंडावर पदर धरला. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून किचनमधून चिमूटभर मीठ मागवलं आणि त्याच्या स्वच्छ पेल्यात टाकून पुन्हा करंट द्यायला सांगितलं. तिथेही तसाच गाळ. तो गाळ पाण्यातला नसतोच, लोखंडी इलेक्ट्रोड झिजून तयार होतो. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजतं, क्षार नसले की वीज वाहत नाही. त्या गृहस्थांना नेमका तेव्हाच फोन आला.

पुढचा घोळ टीडीएसच्या पेनाचा. ज्याच्या त्याच्या खिशात ते पेन आणि ग्रुपवर आकड्यांचे फोटो. हे पेन पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जडपणा मात्र फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो. सॉफ्टनर, म्हणजे जडपणा काढणारं यंत्र, बसवून तो शून्यावर आणला तरी पेनावरचा आकडा जवळपास तोच राहतो, कारण कॅल्शियम गेलं तरी त्याच्या जागी सोडियम येतं. आमच्या चेअरमनसाहेबांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या मते आकडा कमी झाला नाही तर पैसे कशाचे द्यायचे?

शेवटी पाणी तपासून घ्यायचं ठरलं. इथे कंटाळा करू नये. आम्ही नमुने वेगवेगळे घेतले: बोअरचा पंपाशी, टँकरचा टँकर रिकामा होताना, महापालिकेचा टाकीत पडण्याआधी आणि चौथा माझ्या स्वयंपाकघरातल्या साध्या नळाचा, प्युरिफायरचा नव्हे. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, कॅन त्याच पाण्याने विसळायचा, मग काठोकाठ भरायचा. जंतूंच्या तपासणीची बाटली लॅब स्वतः देते. ती निर्जंतुक असते आणि आत क्लोरीन मारणारं रसायन असतं, त्यामुळे ती चुकूनही विसळायची नाही. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवली.

लॅबमधल्या मुलीने जडपणाची तपासणी माझ्यासमोर केली. फ्लास्कमध्ये पाणी, त्यात बफर आणि चिमूटभर सूचक, रंग एकदम द्राक्षासवासारखा लालसर. ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं ईडीटीए थेंब थेंब पडत राहिलं. ते जितकं जास्त लागेल तितका जडपणा जास्त. लाल, लाल, जांभळट, आणि एका थेंबाला लख्ख निळा. बोअरच्या नमुन्याला तिने ब्युरेट पुन्हा भरून घेतली. महापालिकेच्या पाण्याला मात्र थोडक्यातच निळा रंग आला.

रिपोर्ट आला. जडपणा बोअरला लिटरमागे ५४० मिलिग्रॅम, टँकरला ४१०, महापालिकेच्या पाण्याला ८०. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे २०० पर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. ‘म्हणजे आपण पास!’ चेअरमनसाहेब म्हणाले. तसे आम्ही पासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणावरून जडपणाची मर्यादा ठरवलेली नाही. जड पाणी गीझर, कपडे आणि केसांची वाट लावतं, पण त्याने कोणी आजारी पडतं असं म्हणायला आधार नाही.

माझी नजर अडकली ती खालच्या ओळीवर. नायट्रेट. मर्यादा ४५, आणि इथे ‘दुसरा स्रोत नसेल तर’ ही सवलतच नाही. बोअरला ७८ होतं. सांडपाणी, शोषखड्डे, शेतातलं खत, यांतलं काही ना काही भूजलात उतरलं की हा आकडा चढतो. त्याला ना रंग, ना वास, ना चव. नळावर पांढरा डागही पडत नाही, म्हणून आजवर कोणी तक्रार केली नव्हती. आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला ५२. तिथे तर फक्त महापालिकेचं पाणी यायला हवं होतं. त्याच नळाचा जडपणाही ३८० निघाला, तेव्हा मिसळ कुठेतरी होत होती हे उघड झालं.

त्या संध्याकाळी आधी तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे तीन महिन्यांचं बाळ आहे, वरचं दूध पावडरचं. बाळाची आई अगदी काटेकोर, पाणी दोनदा उकळायची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना जास्त नायट्रेट घातक ठरू शकतं, रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घटते. उकळून नायट्रेट जात नाही, वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात ते उलट थोडं वाढतं. बाळ सुदैवाने खणखणीत होतं. त्या दिवसापासून घरचे त्याचं पाणी खालच्या महापालिकेच्या नळावरून कळशीने भरून न्यायला लागले आणि मग उकळायला लागले.

मिसळ सापडली पंपरूममध्ये. जमिनीखालच्या टाकीचे दोन भाग, एक पिण्याच्या पाण्याचा, एक वापराच्या. मधल्या भिंतीत जोडपाइप आणि त्यावर व्हॉल्व्ह. तो उघडा. पंप बघणारे काका म्हणाले, ‘वरनं पाणी नाही म्हणून फोन यायला लागले की उघडतो, ताई. बंद कर असा फोन कधी कोणाचा आला नाही.’ यावर त्यांना काय बोलणार?

व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावलं. महापालिकेचं पाणी फक्त स्वयंपाकघरात, हे ठरलं. ते पुरेल का, यावर मात्र वार्षिक सभेत बरीच जुंपली. पुरतं. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी फार लागत नाही, धुण्याभांड्यांना आणि अंघोळीलाच खूप जातं.

सॉफ्टनर घेतला तो वापराच्या लाइनवर. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करायचे. पूर्वी या कामाला झिओलाइट नावाची खनिजं वापरत. गंमत अशी की त्याच झिओलाइटचे देखणे स्फटिक वाघोलीच्या दगडखाणींत सापडतात आणि जगभरच्या संग्राहकांकडे जातात. सॉफ्टनर नायट्रेटला हातही लावत नाही, तो धनभार असलेलेच आयन पकडतो आणि नायट्रेटवर असतो ऋणभार. स्वयंपाकघरात तो न बसवण्याचं आणखी एक कारण म्हणजे १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. बोअरच्या पाण्याला हिशेब लावून बघा, ब्लडप्रेशरची गोळी घेणारे सभेत एकदम माझ्या बाजूने झाले.

जडपणा शून्यावर आणायचा नाही, असा हट्ट मी धरला. थोडं पाणी बायपासने तसंच सोडून १०० च्या आसपास ठेवतो. अगदी शून्य झालं तर अंगावरचा साबण निघतच नाही असं वाटत राहतं, आणि मीठही जास्त जातं. कागदावर १ किलो जडपणा काढायला सव्वा किलोच्या आत मीठ लागतं, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरावं. मिठाची पोती आता मेंटेनन्सच्या हिशेबात वेगळ्या ओळीत लागतात. पंपवाले काका थेंबांच्या किटने जडपणा मोजून वहीत लिहितात. टँकर आत घेण्याआधीही मोजतात. ते सुरू झाल्यापासून ड्रायव्हर स्वतःहूनच सांगायला लागला की आज कुठल्या विहिरीवरनं भरलाय.

एक भानगड मात्र उरली आहे. मणी धुतलेलं खारं पाणी आमच्या सांडपाणी प्रकल्पात जात होतं आणि तिथलं शुद्ध केलेलं पाणी बागेला. दोन महिन्यांत मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. माळीबुवांनी खत घातलं, पाणी वाढवलं, त्याने आणखीच बिघडलं. आता ते खारं पाणी वेगळ्या पाइपाने थेट ड्रेनेजला जोडायचंय. कोटेशन आलं आहे, आणि चेअरमनसाहेबांचं म्हणणं, मोगरा तरी इतका कशाला हवा?