हेडलाइट मॉड्युलेटर: हॅलोजनवर जमलं, एलईडीवर घोडं अडलं

आधी चांगली बातमी. मॉड्युलेटर म्हणजे दिवसा मोटरसायकल समोरच्याच्या नजरेत भरावी म्हणून तिचा हेडलाइट लुकलुकवणारं सर्किट. एच४ (लो आणि हाय बीम एकत्र असलेला बल्ब) हॅलोजनच्या हाय बीमवर तो आता बिनतक्रार चालतो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०८ या वाहनांच्या दिव्यांच्या नियमातलेच आकडे धरलेत: मिनिटाला २४० आवर्तनं (४० इकडेतिकडे), पूर्ण प्रकाश ५० ते ७० टक्के वेळ, आणि खाली उतरताना किमान १७ टक्के. फिलामेंटचा प्रकाश साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणून १७ टक्के प्रकाशाला व्होल्टेज ६० टक्के लागतं, म्हणजे त्या उतरलेल्या टप्प्यात पीडब्ल्यूएमची (सप्लाय भराभर चालू-बंद करण्याची) ड्यूटी, म्हणजे चालू वेळेचा वाटा, ३५ टक्क्यांच्या आसपास (परिणामी व्होल्टेज ड्यूटीच्या वर्गमुळाने बदलतं). आम्ही ४० ठेवली.

एच४ चा कॉमन अर्थला असेल तर वरच्या (प्लसच्या) बाजूने स्विचिंग हवं: आयआरएफ४९०५ हा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), त्याच्या गेटला खाली ओढणारा १ के चा रेझिस्टर (पुल-डाउन), जास्तीचं व्होल्टेज रोखायला गेट-सोर्समध्ये १५ व्होल्टचा झेनर. गेट वर ओढून दिवा बंद करायचं काम पीएनपी ट्रान्झिस्टरचं. कंट्रोलर मेला तरी दिवा स्थिर पेटलेला राहतो, आणि ही अट सोडायची नाही. १ के च्या जागी १० के लावला तर मॉस्फेट सावकाश चालू होतो आणि उगाच तापतो.

आता डोकेदुखी. त्याच सर्किटवर एलईडी एच४ लावला की पीडब्ल्यूएमच्या २०० हर्ट्झला बल्ब वेडावाकडा फडफडतो. बंद असताना ड्रायव्हरचा (बल्बमधल्या, एलईडीला ठरावीक करंट देणाऱ्या सर्किटचा) कपॅसिटर रिकामा होतो, ड्रायव्हर झोपतो, परत हळूहळू उठेपर्यंत 'चालू'ची वेळ संपलेली असते. वारंवारता २ किलोहर्ट्झ केली तर उलटंच: कपॅसिटर टिकतो, ड्रायव्हर करंट कायम राखतो आणि प्रकाश हलतच नाही! मालिकेत रेझिस्टर टाकूनही तेच, वर रेझिस्टर भाजतो तो वेगळाच. स्वस्त बल्बांच्या खोक्यावर छापलेल्या वॉटवर तर विश्वासच ठेवू नये. अ‍ॅमीटर लावून बघा.

म्हणजे सप्लाय तोडून हे होणार नाही. बल्बमधला ड्रायव्हर बाजूला काढून, डिम पिन (प्रकाश कमी-जास्त करायची पिन) असलेला वेगळा बक (व्होल्टेज उतरवणारा) ड्रायव्हर बसवायचा आणि ४ हर्ट्झचा नमुना त्या पिनवर द्यायचा. इथे प्रकाश ड्यूटीच्या सरळ प्रमाणात, म्हणून उतरलेल्या टप्प्यात ड्यूटी ४० नव्हे, २० टक्के. शिवाय एलईडी क्षणात उतरते-चढते, त्यामुळे लुकलुक हॅलोजनपेक्षा बोचरी दिसते. कडांना २० मिलिसेकंदांचा उतार देऊन बघायचा आहे.

अंधारात लुकलुक थांबावी म्हणून उजेडाचा सेन्सर आकाशाकडे तोंड करून ठेवलाय. प्रकाश २७० लक्सखाली गेला की लगेच स्थिर, ४०० वर सलग ३ सेकंद राहिला तरच परत लुकलुक. या फरकाशिवाय झाडांच्या सावलीत नुसता गोंधळ चालतो.

हे लिहिता लिहिता एक सुचलं: अनेक देशांत लुकलुकता हेडलाइट चालतच नाही. तिथे फोर्कच्या दोन्ही पायांवर स्थिर पिवळे दिवे लावले तर हेडलाइटसह त्रिकोण होतो, आणि एकट्या ठिपक्यापेक्षा गाडीचं अंतर आणि वेग समोरच्याला लवकर कळतो. मग बक ड्रायव्हर आधी त्या जोडीलाच लावू, डिम पिन तिथेही कामाला येईल. एच४ चं ऑपरेशन त्यानंतर.