'सत्यघटनेवर आधारित' या एका घरानं अडवलं: माझा अनुभव

बारा महिने, बारा पुस्तकं, दर महिन्याला वेगळा प्रकार, असं आमच्या वाचन-आव्हानाचं स्वरूप होतं. प्रवासवर्णन, कवितासंग्रह, अनुवाद ही घरं, म्हणजे आव्हानाच्या यादीतले रकाने, पटापट भरली. अडलं एकाच घरात: 'सत्यघटनेवर आधारित पुस्तक'. त्या घरानं जो वेळ खाल्ला त्याची चीड अजून गेलेली नाही. दुसऱ्या कुणाचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, मुखपृष्ठावरच्या 'सत्यकथेवर आधारित' या ओळीवर विसंबू नका. ती जाहिरातीची ओळ असते. पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं उघडा. संदर्भसूची, कालपट, पत्रं किंवा छायाचित्रं असतील तर लेखकानं कागदपत्रं चाळली आहेत असं धरायला हरकत नाही. मग मनोगत वाचा. कोणती नावं बदलली, कोणते प्रसंग जोडले, हे प्रामाणिक लेखक तिथेच सांगून टाकतो. शेवटी प्रकाशकाच्या माहितीचं पान. 'यातील पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत' अशी ओळ तिथे दिसली आणि मनोगतात खऱ्या घटनेचा उल्लेखच नसला, तर पुस्तक परत ठेवा. हे सगळं पाच मिनिटांत उरकतं.

घोळ होतो तो 'आधारित' या शब्दामुळे. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' घ्या. 1968 सालची कादंबरी. माणसं खरी, आनंदीबाईंचं 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर होणं खरं, पण नवरा-बायकोचे संवाद कादंबरीकाराचे. या घरात ती अगदी चपखल बसते. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र मात्र 'आधारित' नाही, ते थेट चरित्रच आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही वाचा, आणि आधी कादंबरी. मग चरित्र वाचताना लेखकानं कुठे काय रचलं ते आपोआप उघडं पडतं.

एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांतही हा फरक असतो. विलास मनोहरांचं 'नेगल' हेमलकशाच्या प्राण्यांबद्दलचं अनुभवकथन आहे, तर 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी. प्रदेश तोच, गडचिरोलीचा. लेखकाचं नाव पाहून दोन्ही एकाच रांगेत लावू नका. 'श्यामची आई'वरून आमच्या गटात बराच वाद झाला. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, नायकाचं नाव श्याम ठेवलं, पण आई त्यांचीच. मी ती धरते. कर्ण-कृष्णावरच्या कादंबऱ्या मात्र कितीही आवडत्या असल्या तरी या घरात नाहीत.

आता जिथे खरी अडचण झाली ते सांगते. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हवा होता. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दान-दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाला, 1857 च्या धामधुमीत सापडला आणि वेढ्याच्या वेळी झांशीतच होता. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या, म्हणजे आमच्या बर्डीवरच्या, झांशी राणी चौकातून जाणाऱ्यानं हे पुस्तक वाचलेलं असावंच, असं मला मनापासून वाटतं. पण ते दोन रूपांत आहे. चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापलं तेव्हा मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढली. 'सत्य' हाच निकष असेल तर पोतदारांची प्रत हवी, यात तडजोड नाही.

आणि वाचनालयाच्या यादीत संपादकाचा रकानाच नाही! पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, विभाग, बस. विभागात 'कादंबरी' लिहिलेलं. देवघेवीच्या खिडकीवर विचारलं की उत्तर एकच: "गोडसेंचंच आहे ना, मग झालं." प्रत बाहेर गेलेली, ती परत येईपर्यंत थांबायचं, आणि आल्यावर कळतं की ही वैद्यांची. दुसरी प्रत संदर्भ विभागात, ती घरी मिळत नाही. यात दोन आठवडे गेले. खिडकीवरच्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही. नोंद करतानाच संपादक आणि आवृत्ती गाळली गेली, चूक तिथली आहे. तरी रांगेत उभं राहून तेच उत्तर तिसऱ्यांदा ऐकताना डोकं तापतंच.

यावर उपाय आहे. खिडकीवर विचारूच नका, ग्रंथपालांना भेटा आणि दाखल नोंदवही पाहायला मागा. तिथे प्रकाशक आणि प्रकाशनाचं वर्ष असतं, आणि वर्षावरून आवृत्ती ओळखता येते. 1966 च्या आधीची प्रत पोतदारांची असूच शकत नाही. नंतरची असली तर शीर्षकपान उघडून संपादकाचं नाव पाहायचं, कारण वैद्यांचा मजकूर पुढेही छापला गेला आहे. प्रत संदर्भ विभागात असेल तर तिथेच बसून वाचायची तयारी ठेवा, वही-पेन घेऊन. पोतदारांची प्रत समोर आली तेव्हा दोन आठवड्यांचा शीण उतरला.

हीच काळजी 'स्मृतिचित्रे' घेताना घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक संपूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही रूपांत मिळतं. आव्हानासाठी संपूर्णच घ्यावं.

पानांचा हिशेब आधीच करा. रोज 20 पानं धरली तर 450 पानांना 23 दिवस लागतात. वाचनालयाची मुदत त्याहून कमी असेल तर नूतनीकरण होतं का, हे पुस्तक घेतानाच विचारा. मागणी नोंदवलेलं पुस्तक सहसा वाढवून देत नाहीत. जाड पुस्तक मे महिन्यासाठी ठेवा, पण नवतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागण्याआधी घरी आणा. त्या दिवसांत दुपारी बर्डीवर जाणं नको, कूलरपुढे बसून वाचणं बरं.

आत्मकथनं मात्र ऑक्टोबरपर्यंत लांबवा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी दुकानं लागतात, तिथे दलित आत्मकथनांची निवड करायला मिळते. मुख्य दिवशी गर्दीत पानं चाळता येत नाहीत, आदल्या दिवशी सकाळी जा. सुटे पैसे आणि यादी सोबत ठेवा. दया पवारांचं 'बलुतं' (1978) त्या यादीत पहिलं लिहा. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो आणि दोघं एकच आहेत, हे माहीत असलं की सुरुवातीला गोंधळ होत नाही.

अजून एक राहिलं. गटातल्यांनी जानेवारीतच लिहून ठरवावं: आत्मकथन या घरात चालेल का, चरित्र चालेल का, की फक्त कादंबरी. आम्ही ते एप्रिलमध्ये ठरवलं, तोवर दोघींची पुस्तकं बाद झाली होती.