भाग तिसरा, भाग चौथा

शनिवार, रात्रीचे साडेदहा. दुपारी लागलेला पाऊस अजून थांबला नाही.

आज परत दीडशे रुपये पाण्यात घातले. घातले की नाही, ते नक्की ठरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

बेळगावच्या खडेबाजारात छत्रीची काडी बसवून घ्यायला गेलो होतो. पाऊस वाढला तसा शेजारच्या जुन्या सामानाच्या दुकानात शिरलो. पितळी हंडे, काटे नसलेली घड्याळं, आणि खाली गोणपाटावर ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन प्लेटांची चळत, सुतळीनं आवळून बांधलेली. प्लास्टिकची असती तर काही नाही, पण ही लाखेची. हातातून सुटली की कपबशीसारखी फुटते. माझ्याच हातानं सुतळी सोडली.

"वाजवून बघायला मिळंल काय?"

"मशीन कुठलं आणू काका? फुटल्यालं न्हाई तेवढं बघून घ्या की."

मग तेवढंच बघितलं. ट्यूबलाइटखाली प्लेट तिरकी धरायची. रेघा काळ्याभोर चमकल्या तर बरं. राखाडी दिसल्या तर समजायचं की कुणीतरी एकच पोलादी सुई महिनाभर घासलीय. खरं तर प्लेटेची एक बाजू वाजवायला एक सुई, मग ती फेकायची, पण आमच्याकडे फेकतंय कोण! ओरखडे दिसतात भयंकर, पण नुसती टकटक करतात. झिजलेल्या रेघेतला आवाज मात्र गेला तो गेलाच. तीन प्लेटा राखाडी निघाल्या, एकीला केसाएवढी चीर होती. एक चमकली. तिचं लेबल ओल लागून अर्धं गेलेलं. उरलं होतं त्यावर दोन कन्नड अक्षरं आणि एक आकडा.

"काय बघुलाय काका एवढं उजेडात? नोट हाय काय ती?"

घेतली. मनात लोभ होताच. न जाणो जुने गवई वझेबुवा निघाले तर. न जाणो मल्लिकार्जुन मन्सूरांचं जुनं गाणं. आमच्या गावात दुकानांच्या पाट्यांवरून एवढं रामायण होतं, पण प्लेटेवरची पाटी कुठल्या भाषेत आहे यावरून आजवर एक माणूस भांडलेला मी पाहिला नाही.

मन्सूर असेच न ऐकता घरात आले होते. १९८७ साल, कॉलेजचं शेवटचं वर्ष. कॅसेटचं सील फोडायला दुकानदार तयार नाही, म्हणून वेष्टनावर वाचायचं आणि नशिबावर सोडायचं. वेष्टनावर होतं 'शिवमत भैरव'. भैरव राग माहीत होता, शिवमत म्हणजे काय कुणास ठाऊक. धारवाड इथून पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे माणूस आपल्याकडचाच, एवढ्या हिशोबावर अठ्ठावीस रुपये दिले. त्यात महिन्याच्या बसपासचे पैसे गेले, मग शहापूरहून कॉलेजला पायी.

पहिल्यांदा ऐकलं आणि पोटात गोळा आला. मला हवा होता संथ आलाप, डोळे मिटून ऐकायचा. हे बुवा थेट बंदिशीत शिरतात, ताना गिरकी घेऊन भलतीकडं जातात, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी आली ते ती गेल्यावर कळतं. पैसे फुकट गेले म्हणायची लाज वाटायची, म्हणून रोज सकाळी हट्टानं लावायचो. धाकट्या भावानं न्हाणीघरात त्या तानांची नक्कल सुरू केली. सगळं घर हसायचं. एक दिवस त्याची नक्कल चुकली आणि मी बाहेरून ओरडलो, "तिथं खाली येतंय रे!" तोवर मला ते पाठ झालंय हे मलाच माहीत नव्हतं.

फसलोही भरपूर. एकदा स्टँडजवळ भजनांची कॅसेट घेतली. वर फोटो मोठ्या गायकाचा, आत भलत्याच कुणाचा तरी घोगरा आवाज. आणि पावसाळ्यात टेपला येणारी ती पांढरी बुरशी! जाऊ दे.

घरी आल्याबरोबर बायको म्हणाली, "परत आणलासा?" उत्तर न देता प्लेट धुतली. साबणाचा एक थेंब, कोमट पाणी, मऊ फडकं. स्पिरिट लावायचं नाही, त्यात लाख विरघळते. एकदा लावून बसलोय. पंख्याखाली वाळवली, प्लेअरची कळ फिरवून ७८ची जाड सुई पुढं घेतली आणि लावली.

गाणं नाहीच. आधी खरखर, मग एक बाई कुणावर तरी कन्नडमध्ये कडाडतेय. पुरुष काहीतरी पुटपुटतो. पेटी दोन सूर देते, परत बाई. सव्वातीन मिनिटांत बाजू संपली. उलटली तर भांडण पुढं चालू.

शाळेत कन्नड होतं, पण हे जुनं, नाटकातलं, भरभर. शेजारच्या अव्वांना हाक मारली. त्या पदरानं डोकं पुसत आल्या, खुर्ची नको म्हणून खालीच बसल्या. पहिल्या वाक्यालाच हसल्या. मग गप्प झाल्या. मग तोंडावर हात घेतला.

"काय म्हणते ती?"

"थांब की रे."

बाजू संपली की परत लाव, परत लाव. तीनदा झालं. अर्थ विचारला तर म्हणाल्या, तुला सांगून ती मजा येत नाही. एवढंच कळलं की कुणाचं तरी पत्र कुणीतरी लपवलंय. लेबलावरचा आकडा चष्मा लावून बघितला, तो तीन निघाला. नाटकाचा संच असणार हा. एका बाजूत तीनच मिनिटं मावतात, म्हणून एक नाटक चार-पाच प्लेटांवर पसरलेलं. माझ्या हाती लागलेत भाग तिसरा आणि चौथा.

अव्वा उठल्या, दारात थांबल्या. "मुंदिन प्लेट यल्ली ऐती, तम्मा?"

पुढची प्लेट कुठं आहे! ती चीर गेलेली असेल कदाचित. तिच्या लेबलाकडं मी बघितलंसुद्धा नाही. उद्या रविवार, ते दुकान उघडं असतं की नाही ठाऊक नाही. छत्रीही तिथंच राहिलीय.