बूट घालून वारी

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सर्वांत लांब टप्पा, सुमारे ३० किलोमीटर, आणि त्यात दिवे घाट. आमच्या दिंडीत बरेच जण अनवाणी. विणेकरी बुवा मलाही म्हणाले, "काकू, काढा ते बूट. माउली सांभाळते." मी हसले, पण बूट काही काढले नाहीत. माझा मधुमेह जुना. निघण्याआधी डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून पाहिला, तर अंगठ्याखाली तो मला कळलाच नाही. अशा पायाला तापलेलं डांबर नि बाभळीचा काटा तरी काय कळणार? अनवाणी चालण्याचा नेम ज्याला खडा टोचतो त्याने करावा.

बूट आधीच वापरून मऊ केलेले होते. रोज पहाटे ते उलटे करून झटकायचे आणि आत हात फिरवायचा. खांद्यावरच्या पिशवीत सुके सुती मोजे, कारण सामानाचा ट्रक पुढे निघून गेलेला असतो आणि पाऊस काही विचारून येत नाही. साखर उतरलीच तर म्हणून ग्लुकोजची पुडीही. खरं तर वाटेत साखर चढायचीच भीती जास्त. दर शंभर पावलांवर कुणीतरी चहा, लाडू पुढे करतं, आणि हात जोडून नको म्हणणं दिवे घाटापेक्षा अवघड!

सेवेकरी पाय चेपून देतात, तेल लावतात. ते मी आनंदाने घेतलं. कढत पाण्याच्या घमेल्यात मात्र पाय घातला नाही; भाजलं तरी कळणार नाही.

मुक्कामी हरिपाठ झाला की पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, टाचांना व्हॅसलीन लावायचं, बेचक्यांत नाही. मग छोटा आरसा धरून तळवा बघायचा. फोड दिसला तर फोडायचा नाही, स्वच्छ पट्टी लावायची.

फलटणच्या मुक्कामी शेजारच्या आजींनी आरसा मागितला. त्यांनाही साखर. टाचेच्या भेगेत काळपट डाग, कडेने ओल. "दुखत नाही गं," म्हणाल्या. त्याचीच तर मला धास्ती वाटली. तशीच त्यांना आरोग्य पथकाकडे घेऊन गेले. जखम साफ करून पट्टी झाली, चालणं बंद, रोज ड्रेसिंग.

दुसऱ्या दिवशी आजी ट्रकमध्ये, भाजीच्या पोत्यांशेजारी बसल्या. बरडला आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रकवाल्याशी त्यांचं भांडण चालू होतं.