दिवेघाट, यंदा एकटीनं

पुणे ते सासवड हा टप्पा मी आणि माझी मैत्रीण नऊ वर्षं बरोबर चाललो. आमची वारी तेवढीच, एका दिवसाची. पंढरपूरपर्यंत जाणाऱ्यांसमोर तिला वारी म्हणायचीही लाज वाटते. यंदा माऊलींची पालखी आळंदीहून निघायच्या चार दिवस आधी तिच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला. लिम्फोमा. मी म्हटलं, नाही जात. ती म्हणाली, "जा गं. येताना चपला धुऊ नकोस, तशाच घेऊन ये."

हडपसर मागे पडलं तरी मला टाळमृदंग ऐकूच येत नव्हते. कुणी हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवला, तो तसाच मुठीत चिकट झाला. डोक्यात केमो, स्टेज, खर्च.

वडकी नाल्याचा विसावा झाला, रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या आणि घाट सुरू झाला. या घाटातल्या दिंड्यांच्या वळणदार रांगेचा फोटो दरवर्षी पेपरात येतो. आत चालणाऱ्याला मात्र पुढच्याची पाठ तेवढी दिसते. वर ड्रोनची भुणभुण. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मी कडेला झाले. कातळातून पाणी झिरपत होतं, शेवाळावरून थेंब थेंब. त्याखाली हात धरला. लाडवाचा चिकटा निघाला. वाऱ्यानं ढग सरकला तसा खाली मस्तानी तलाव दिसला, राखाडी, अगदी स्वस्थ. आठवडाभर न आलेलं रडू तिथं आलं. कुणी विचारलं नाही, पावसात कळतही नव्हतं.

वर झेंडेवाडीच्या अंगाला एक आजी तुळस उतरवून बांधावर टेकल्या होत्या. शेतातली चिमूटभर माती बोटांत चुरत म्हणाल्या, "वापसा व्हायचाय अजून. आमच्याकडं परभणीला तर पाऊसच न्हाई, माय. धूळपेरणी करून आलेय."

"काळजी नाही वाटत?"

"वाटती की. रातच्याला झोप लागत न्हाई." मग माझ्या पायाकडे बघून, "फोड आलाय तुला. फोडू नको त्याला."

मी पण मातीत हात घातला. गार होती. सीताफळाच्या झाडांवर पाऊस वाजत होता. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी चपला पिशवीत घालून तिच्याकडे गेले. तिनं नखानं चिखल खरवडला, नाकाशी नेला.

"ही वरची," ती म्हणाली. "घाटातली कुठंय?"