न छेडलेला गंधार

मी मिरजेत तंबोरे बनवतो, त्यांची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झणकार, लावतो, पंचवीस वर्षं झाली. गोष्ट उरुसातली आहे. आमच्या मीरासाहेब दर्ग्यातच किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार आहे, १९३७ साली गेले ते, आणि त्यांच्या आठवणीत दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली रात्र रात्र गाणं चालतं. गाणारा कुठल्या धर्माचा हे तिथं कुणी विचारत नाही.

त्या रात्री मुंबईहून आलेल्या एका गायिकेचा तंबोरा प्रवासात हलला होता, घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, सरकलेली, आवाज पार बसलेला, आणि त्यांची पाळी अर्ध्या तासावर. मला फोन आला, मी कानस अन् सुताचं रीळ घेऊन पळालो. घोडी नीट केली, जरा घासली, तारांखाली दोरा घातला पण नुसता ठण ठण, जीवच नाही. ताई म्हणाल्या, भाऊ, होईल ना? म्हटलं, पाच मिनिटं द्या.

तेवढ्यात लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद, बाहेर पाळण्यांचा गोंगाट चालू होता तोही थांबला.

अंधारात डोळ्यांचा काही उपयोगच नव्हता म्हणून कानावर काम सुरू केलं, दोरा केसाएवढा पुढं, तार छेड, परत केसाएवढा मागं. आणि खर्जाच्या तारेतून तो उठला. गंधार! बघा, तंबोऱ्यात तारा असतात पंचमाची, षड्जाच्या दोन जोडाच्या आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची, गंधाराची, म्हणजे ‘ग’ची, तार नसतेच. तो खर्जाच्या पोटातच असतो, जवारी नेमकी लागली की आपोआप बाहेर येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. रोज ऐकतो मी तो दुकानात, ग्राइंडरच्या आवाजात. पण असा कधीच नाही. ताई तार छेडत राहिल्या, मजारीवर चादर घेऊन निघालेले एक म्हातारे चादर डोक्यावर तशीच धरून उभे राहिले, माझ्या शेजारचा चहावाला पोरगा हळूच म्हणाला, अजून कोण गातंय?

मी नमाजाला रोज जाणारा माणूस नाही. लहानपणी वडील जे सांगायचे ते मला मशिदीत कधी जाणवलं नव्हतं, ते तिथं सतरंजीवर गुडघे टेकून बसल्या बसल्या जाणवलं, छाती भरून आली आणि हात आपसूक कानाच्या पाळीला लागला.

लाईट आली तसा माईकवाला धावत आला. ताईंनी डोळे न उघडताच हातानं त्याला थांबवलं आणि षड्ज लावला.